पहिलं नाव, मंग पुढं

पंचफुला सोनकांबळे मुखेड तालुक्यातल्या एका वाडीत जिल्हा परिषदेच्या शाळेत खिचडी शिजवते. शिजवते हा शब्द खरं तर कमी पडतो, ती तिथं राज्य करते. दुपारची सुट्टी झाली की पोरं ताटल्या घेऊन रांगेत उभी राहतात आणि पंचफुला पातेल्याच्या काठावर पळी आपटून ओरडते, "ए, पहिलं नाव! मंग पुढं." पोरानं आपलं, बापाचं आणि घराण्याचं, असं पुरतं नाव खणखणीत सांगायचं, तेव्हा ताटलीत खिचडी पडणार. पुटपुटलं की पळी हवेतच थांबते. नव्यानं आलेल्या एका गुरुजींनी मोठ्या तोंडानं विचारलं होतं, की हजेरी आम्ही घेतोच, मग हे आणखी कशाला. पंचफुलानं त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि ती पुढच्या पोराकडं वळली. दुसऱ्या दिवशी खिचडीची चव बघायला वाटी घेऊन आले तेव्हा गुरुजींनी आधी आपलं नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट.

हे खूळ कुठून आलं म्हणाल, तर जळकोटकडच्या तिच्या माहेरच्या शाळेतून. तिथल्या मास्तरांनी तिला कधी नावानं हाक मारलीच नाही. "ए, मागची" एवढंच. पंचफुला हे असलं फुलाफुलांचं नाव असून तिला चौथीपर्यंत मागची म्हणून बसावं लागलं. तो राग तिच्या मनातून गेला नाही, आणि का जावा?

या बाईला देवानं, म्हणजे ती देव मानत नाही, पण ज्यानं कुणी दिला त्यानं आवाज मात्र सढळ हातानं दिला. भीमजयंतीला तिचं गाणं ठरलेलं. नवरा आनंदराज ढोलकी वाजवायचा, ती गायची. तिनं स्वतः बांधलेलं एक गाणं होतं, शाळेत जाणाऱ्या पोरीला उठवणाऱ्या आईचं:

उठ गं माझ्या मैने, शाळा तुझी उघडली,
साती पिढ्यांची कुलपं भीमरायानं मोडली.
पाटी घे गं हाताशी, वेणी वाटंनं घालू...

पुढं दोन-तीन कडवी, आणि जुन्या गायकांच्या रीतीप्रमाणं शेवटच्या कडव्यात बांधणारीचं नाव, "पंचफुला म्हणे मैने". हे गाणं तिनं पहिल्यांदा माहेरी आईला म्हणून दाखवलं. आई, धोंडाबाई, ऐंशीच्या घरातली, ऐकायला जरा कमी, बोलायला जरा जास्त. गाणं संपल्यावर म्हातारी म्हणाली, "बरं हाय. चाल माझीच लावलीस की." खुरपताना म्हातारी काहीबाही गुणगुणायची त्यातलीच ती चाल, हे खरं होतं. पंचफुला लगबगीनं चहा टाकायला उठली आणि चहा होईपर्यंत विषय बदलला होता.

पुढं एका जयंतीला कुणीतरी मोबाइलवर ते गाणं टिपलं. तिथून ते मुखेडच्या बसस्टँडजवळ सत्यमच्या दुकानात पोचलं. सत्यमचं मोबाइलचं दुकान, पण धंदा गाण्यांचा. ट्रॅक्टरवाला असो, रिक्षावाला असो, बँडवाला असो, पेनड्राइव्ह घेऊन यायचा आणि सत्यम त्यात गाणी भरून द्यायचा. लातूरच्या रेणुका नावाच्या एका गायिकेची गाणी तेव्हा जोरात चालायची. सत्यमनं पंचफुलाचं गाणंही रेणुकाच्याच गाण्यांत टाकून दिलं. वाईट हेतू काही नव्हता, त्याला दोन्ही आवाज सारखेच वाटले. त्याच्या कानाची तारीफ करावी तेवढी थोडी.

आणि गाणं सुटलं की हो. रिक्षात तेच, रसवंतीवर तेच, सोयाबीनच्या मळणीयंत्राशेजारी उभ्या ट्रॅक्टरवर तेच. एक दिवस पंचफुला एसटीनं नांदेडला निघाली होती. पुढच्या बाकावरच्या पोराच्या मोबाइलवर तिचं गाणं लागलं. शेजारच्या बाईनं डोळे मिटून मान डोलावली आणि म्हणाली, काय गळा हाय हो लातूरच्या रेणुकाचा. पंचफुला म्हणाली, मीच गायलंय ते. त्या बाईनं डोळे उघडले, हिच्याकडं पाहिलं, हिच्या पिशवीतल्या मेथीच्या जुडीकडं पाहिलं आणि आपली पर्स दुसऱ्या मांडीवर घेतली.

पंचफुलाला वाटलं, शेवटच्या कडव्यात नाव हाय, ते आलं की कळंलच. ती वाट बघत बसली. पोरानं दुसऱ्या कडव्यालाच गाणं बदललं. तेव्हा तिच्या ध्यानात आलं की डीजेवाले, रिक्षावाले, कुणीच गाणं शेवटपर्यंत वाजवत नाही. जुन्या लोकांनी नाव शेवटी ठेवलं, कारण तेव्हा लोक शेवटपर्यंत बसायचे. तिचं नाव गाण्यात होतं आणि तरीही कुणाच्या कानावर कधी पडलंच नव्हतं. ती पुन्हा मागची झाली होती. नांदेड येईपर्यंत तिला रडू आवरेना, आणि शेजारची बाई तिला आपलेपणानं सांगत होती, की गाणं हायच तसं, मलाबी रडू येतं.

नांदेडला हरिओम नावाच्या माणसाचा छोटा स्टुडिओ होता, त्याला तिनं गाठलं. हरिओम शिकलेला, चष्मेवाला, आणि चोरीच्या गाण्यांनी पोळलेला. त्यानं सांगितलं, गाणं नीट रेकॉर्ड करू आणि त्याला असं कुलूप लावू की कुणाला कॉपी करताच येणार नाही. त्याच्या ॲपमधूनच ऐकायचं, मोबाइलवर ओटीपी आला की गाणं उघडणार, आणि उघडताना पडद्यावर मोठ्या अक्षरांत पंचफुला सोनकांबळे. पडद्यावरचं नाव बघून तिचा जीव भांड्यात पडला.

कुलूप मात्र लई मजबूत निघालं. वाडीत रेंज नाही, म्हणून ओटीपी येईना. बाभळीजवळच्या उंचवट्यावर जाऊन उभं राहिलं तर ओटीपी यायचा, पण घरी येऊन टाकेपर्यंत त्याची वेळ संपायची. आनंदराज बिचारा पळत येऊन बघायचा, एकदा तर घसरून पडला. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी दोन दिवस नाद केला आणि सोडून दिला. पुढं पंचफुलाचा रिचार्ज संपला तेव्हा तिलासुद्धा तिचं गाणं ऐकायला मिळेना. आणि बाहेर रस्त्यावर? बाहेर सत्यमचं जुनं खरखरतं गाणं रेणुकाच्या नावानं बिनधास्त चाललेलं. म्हणजे कुलूप लागलं ते घरधनिणीलाच.

पंचफुला तणतणत नांदेडला गेली आणि हरिओमला म्हणाली, काढ तुझं कुलूप. हरिओमनं समजावलं, की मग लोक फुकट वाटतील. ती म्हणाली, वाटू दे की, मी काय पोती भरून ठेवू गाण्याची? मला नाव पाहिजे, आणि ते अशा जागी पाहिजे की कुणाला कापता येऊ नये. त्या दिवशी तिच्या पिशवीत शाळेची नवी पळी होती, नांदेडलाच घेतलेली. तिनं स्टुडिओतलं पाण्याचं स्टीलचं पिंप पुढं ओढलं, माइक जवळ घेतला, पळी दणकन आपटली आणि रोजच्या आवाजात ओरडली, "ए, पहिलं नाव घे! पंचफुला सोनकांबळे! मंग पुढं!" हरिओमच्या कानावरचा हेडफोन गळ्यात आला. पहिल्या कडव्याच्या ऐन मध्यात त्यानं ती ओरड बसवली, दुसऱ्यातही बसवली. आता हे गाणं कापायचं तर ओरड तेवढी निघेना, गाण्याचाही तुकडा तिच्यासोबत जायचा.

गाणं तिनं स्वतःच्या हातानं सत्यमला नेऊन दिलं, फुकट. सत्यमनं नवं, स्वच्छ गाणं म्हणून आनंदानं सगळ्यांना भरून दिलं. पुरतं ऐकून बघायची सवय त्यालाही नव्हती.

आठवड्याभरात हाहाकार उडाला. शाळेच्या गॅदरिंगमध्ये मुली नाचत होत्या, मध्येच पळी आपटली आणि एक मुलगी घाबरून पडद्यामागं पळाली. रिक्षात डुलक्या घेणारे म्हातारे दचकून उठू लागले. सगळ्यात कहर झाला तो मुखेडच्या एका लग्नात. नवरी मंडपात येत होती, मागं पंचफुलाचं गाणं, सगळे भारावलेले. आणि स्पीकरमधून धाडकन, "ए, पहिलं नाव घे!" नवरदेव लहानपणी पंचफुलाच्या हातची खिचडी खाऊन मोठा झालेला. तो खुर्चीतून ताडकन उठला, हात मांडीला चिकटवले आणि भर मंडपात आपलं, वडिलांचं आणि घराण्याचं नाव खणखणीत सांगितलं. वर रिकामी ताटली धरावी तसे दोन्ही हात पुढं केले. नवरी हसून हसून खाली बसली. कुणीतरी त्याचा व्हिडिओ काढला, आणि तो नांदेड-लातूरच काय, पार पुण्यापर्यंत गेला.

मग भांडण लागलं. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर लोक एकमेकांना धारेवर धरू लागले. काही म्हणाले, बाईनं सोन्यासारख्या गाण्याचं वाटोळं केलं. काही म्हणाले, जिचं गाणं तिची मर्जी. एका ग्रुपमधून तर सख्खे साडू बाहेर पडले. शेवटी मुखेडच्या कॉलेजात परिसंवाद ठेवला, 'डिजिटल संगीत आणि कॉपीचं कुलूप'. अध्यक्ष प्राध्यापक अमृतराव. त्यांनी परदेशातल्या कंपन्यांनी गाण्यांना कशी कुलपं लावली आणि लोकांनी ती कशी तोडली, याचा असा काही इतिहास सांगितला की पहिल्या रांगेतल्या पाहुण्यांना झोप लागली.

हरिओम बोलायला उठला. कुलूप नसेल तर उद्या कुणी गाणं बांधणारच नाही, असं त्याचं म्हणणं. मग सत्यम उठला. त्यानं सरळ विचारलं, की मी कॉपी केलं नसतं तर मावशीला वाडीच्या बाहेर कोण ओळखत होतं? आणि म्हणाला, भीमरायानं कुलपं मोडली असं गायचं आणि त्याच गाण्याला कुलूप घालायचं, ही कुठली रीत? टाळ्या पडल्या. हरिओमनं चष्मा पुसायला काढला तो काही लवकर घातला नाही.

पंचफुलाची पाळी आली. पळी तिनं सोबत आणलीच होती. ती म्हणाली, "कुलूप तर मीच काढलं. खिचडी मी कोनाला कमी वाढली न्हाई, गाणंबी वाढून राहिले. खा म्हणते, घरी न्या म्हणते. फकत नाव इचारते. नाव इचारलं तर कोनाच्या पोटात दुखून राहिलं?"

सभागृह उठून उभं राहायचंच बाकी होतं. अमृतरावांनीही टाळ्या वाजवल्या. पंचफुला खुशीत खाली बसणार, एवढ्यात सत्यम अगदी भोळ्या चेहऱ्यानं म्हणाला, "मावशी, समदं पटलं. पर चाल कोनाची हाय?"

त्यानं ते टोचायला विचारलं, की सहज, हे त्यालाच ठाऊक. चाल अशीच असती, चालीला कोन इचारतं, असं काहीतरी पंचफुला पुटपुटली. पुटपुटली, हे महत्त्वाचं. रांगेतलं पोर असं पुटपुटलं असतं तर तिनं पळी हवेत थांबवली असती. परत येताना रिक्षात आनंदराज नेमकी तीच चाल गुणगुणत होता. त्याला तिनं इतक्या जोरात गप्प बसवलं की रिक्षावाल्यानंही आपला मोबाइल बंद केला.

पुढच्या जयंतीला लातूरहून बोलावणं आलं. मोठं मैदान, मोठा मंच, आणि फलकावर छापलेलं 'पहिलं नाव फेम पंचफुलाबाई'. ते वाचून तिचं टाळकं सरकलं. म्हणजे गाणं गेलं बाजूला आणि लोक ओरड ऐकायला येणार. तिनं मनाशी ठरवलं, आज पळी हातात धरायची पण आपटायची नाही. गाणं सरळ गायचं, आवडलं तर आवडलं. मंचामागं रेणुका भेटली, जिच्या नावानं गाणं फिरत होतं तीच. रेणुकानं जयभीम घातला आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, ताई, ते माझं न्हाई म्हणून सांगून सांगून माझा घसा बसला, कोणी ऐकेना. आता तुमचं गाणं माझ्या कार्यक्रमात येऊन मलाच रागावतं. दोघी खूप वेळ हसल्या, आणि पंचफुलाला ती आवडली, हे तिला स्वतःलाच पटेना.

संध्याकाळी तिनं गाणं सुरू केलं. मैदान गच्च भरलेलं. आनंदराजची ढोलकी, पहिली ओळ, दुसरी ओळ, कुणी जागचं हललं नाही. कडव्याच्या मध्यात, जिथं ओरड यायची, तिथं तिनं नुसता श्वास घेतला. आणि त्या एवढ्याशा जागेत अख्खं मैदान एका आवाजात ओरडलं, "पंचफुला सोनकांबळे!"

बाया, पोरं, मंडप घालणारे, बंदोबस्ताचे पोलीससुद्धा. "ए, मागची" म्हणणाऱ्या मास्तरांना ऐकू जावं इतक्या जोरात. पंचफुलाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. तिला फार फार बरं वाटलं, आणि त्याच वेळी सत्यमचा भोळा चेहराही आठवला. मेल्यानं ऐन सुखात खडा टाकून ठेवला होता.

गाणं पुढं गेलं. डीजेवाल्यांनी कधी पोचू न दिलेलं शेवटचं कडवं आलं. "पंचफुला म्हणे मैने" म्हणायची वेळ आली आणि ती थांबली. ढोलकी दोन थापा पुढं जाऊन थांबली. पंचफुलानं मंचावरच्या लोखंडी खांबावर पळी दणकन आपटली आणि ओरडली, "ए, पहिलं नाव घ्या! चाल धोंडाबाईची हाय! धोंडाबाई म्हना, मंग पुढं!"

ही कोण धोंडाबाई, कुणाला ठाऊक नव्हतं. पण लातूरच्या मैदानानं नाव घेतलं, आणि पंचफुलानं शेवटचं कडवं "धोंडाबाई म्हणे मैने" असं म्हणून पुरं केलं.

दुसऱ्या दिवशी तो व्हिडिओ जळकोटकडच्या तिच्या माहेरी पोचला. शेजारच्या पार्वतम्मानं म्हातारीच्या कानाला मोबाइल लावून तो वाजवला. दुपारी शाळेत पातेलं घासून झाल्यावर पंचफुलानं माहेरी फोन लावला. मनात होतं की म्हातारी रडेल, मग आपणही थोडं रडू.

"आयकलं," म्हातारी म्हणाली. "नाव घेतलंस, बरं केलंस. पर तिसऱ्या वळीत चाल चुकलीस. आता समदा मुलूख म्हणंल, धोंडाबाईची चाल अशी वाकडी हाय."

पंचफुलानं कपाळाला हात लावला. नाव लागलं की चुकीचा बोलही त्याच नावाला लागतो, हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं. ती म्हणाली, मंग तूच म्हणून दाखव की. म्हातारीनं घसा खाकरला आणि तिसरी ओळ म्हटली. पाटी घे गं हाताशी. आवाज फाटका, पण चाल अशी काही वळली, की तसलं वळण पंचफुलाच्या गळ्यातून कधी निघालं नव्हतं. तिचा अंगठा आपोआप फोनच्या रेकॉर्डिंगच्या बटणावर गेला.

फोनमध्ये टुक वाजलं आणि गाणं तिकडून थांबलं.

"पंचे, टिपून घेऊन राहिलीस न्हवं?" म्हातारीचा आवाज आला. "मला काय कळत न्हाई व्हय? पहिलं नाव."

शाळेच्या स्वयंपाकखोलीत, घासलेल्या पातेल्याशेजारी, पंचफुला सोनकांबळे ताठ उभी राहिली. पदर सारखा केला आणि रांगेतल्या पोरासारखं खणखणीत सांगितलं, "धोंडाबाई लक्ष्मण गवळे."

मग म्हातारी पुढं गायली.